१ लाख ८४ हजारांत कर्करोगाचं संशोधन होतं का?

सेलूकडच्या एका गावातून तुम्ही विचारलंय. सात वर्षांचा पुतण्या रक्ताच्या कर्करोगानं गेला. मंडळाच्या पोरांनी यंदा गणपतीत डीजे आणि देखावा रद्द करून १ लाख ८४ हजार रुपये जमवले, आणि ते लहान मुलांच्या कर्करोगाच्या संशोधनाला द्यायचे आहेत. ट्रस्ट कसा काढायचा, पैसे कुणाला द्यायचे आणि एवढ्या पैशानं काही होतं का, असे तीन प्रश्न तुम्ही टाकलेत. गावातले जाणते म्हणतात, संशोधन अमेरिकेत होतं, तुम्ही एखाद्या गरीब पेशंटला द्या आणि मोकळे व्हा.

मी परभणीचा. बँकेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. गेली १५ वर्षं आमच्या इथल्या अशाच एका छोट्या संस्थेचा कोषाध्यक्ष आहे. पगारी माणूस एकही नाही. संस्थेचं ऑफिस म्हणजे माझ्या घरातलं एक लोखंडी कपाट. २००७ साली माझी मुलगी पाच वर्षांची असताना तिला हाच आजार झाला, अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. ती बरी झाली, आज नोकरी करते. तुमच्या घरी एक झालं आणि माझ्या घरी दुसरं, हे नशिबावर ढकलायला माझं मन तयार होत नाही. आमच्या डॉक्टरांना चौथ्या दिवशी शंका आली आणि त्यांनी रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगितला. तुमच्या पुतण्यावर दोन महिने टायफॉइडचे उपचार झाले. हे दोन महिने का गेले, हासुद्धा संशोधनाचाच प्रश्न आहे. तुमचे पैसे कुठे जावेत याचं उत्तर मला तिथंच सापडतं.

तुमचा खरा प्रश्न ट्रस्टचा नाहीच. ज्यांनी दहा, पन्नास, पाचशे रुपये दिले त्यांना पुढच्या वर्षी डोळ्याला डोळा भिडवून काय सांगायचं, हा खरा प्रश्न आहे. त्यामुळे आधी त्याबद्दल लिहितो, कागदपत्रांचं नंतर.

'संशोधन अमेरिकेत होतं' हे अर्धंच खरं आहे. १९४७-४८ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध देऊन पाहिलं आणि पहिल्यांदा हा आजार काही काळ का होईना मागे हटला. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आलं, तिथले संशोधन प्रमुख होते आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. फार्बर यांच्या कामाला पैसा कुठून आला? २२ मे १९४८ रोजी रेडिओवर 'जिमी' नावाच्या एका आजारी मुलाची गोष्ट ऐकवली गेली आणि लोकांनी खिशातले पैसे पाठवले. दोन लाखांहून जास्त डॉलर जमले. त्यामागे तिथल्या नाटक-सिनेमावाल्यांच्या एका मंडळाची माणसं होती, आपल्या मंडळासारखीच. जिमी हे त्या मुलाचं खरं नावही नव्हतं, ते मुद्दाम लपवलं होतं. त्याबद्दल पुढे बोलू, कारण तुमच्या बॅनरचा विषय आहे.

मोंढ्यात पावती फाडायला जातो तेव्हा मी हमालांना सदाफुलीची गोष्ट सांगतो. दारोदारी असते ती सदाफुली. १९५० च्या दशकात कॅनडात नोबल आणि बिअर या दोघांनी तिचा पाला मधुमेहावर चालतो का म्हणून तपासायला घेतला. साखर उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी कमी झाल्या. त्यातून विनब्लास्टिन हे कर्करोगाचं औषध निघालं, पुढे त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन आलं. आज ल्युकेमियाच्या जवळपास प्रत्येक मुलाला व्हिन्क्रिस्टिन दिलं जातं, माझ्या मुलीलाही दिलं होतं. एक हमाल मामा दरवर्षी विचारतात, 'सदाफुलीचं पुढं काय निघालं?' आणि न चुकता वीस रुपये देतात.

आता उरलेलं अर्धं. औषधं शोधली गेली, ती एकमेकांत बसवायच्या पद्धती सापडल्या, आणि श्रीमंत देशांत या आजाराची १० पैकी जवळपास ९ मुलं बरी होऊ लागली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सगळे बालकर्करोग मिळून श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात आणि बऱ्याच गरीब देशांत ३० टक्केसुद्धा होत नाहीत. औषधं बहुतेक तीच आहेत. मग मुलं जातात कशानं? निदान उशिरा होतं, उपचार अर्ध्यात सुटतात, पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना जंतुसंसर्ग होतो, अंगात ताकदच नसते. यातलं काय, कुठे, किती, हे अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत बसून कुणी सांगणार नाही. ते परभणी, बीड, हिंगोलीतल्या मुलांकडे बघूनच कळणार.

औषधाच्या डोसचंही तसंच आहे. ल्युकेमियात शेवटचं दीड-दोन वर्षं मर्कॅप्टोप्युरिनच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. एनयूडीटी१५ नावाच्या जनुकात बदल असलेल्या मुलांना ठरलेला डोस झेपत नाही, पांढऱ्या पेशी धोकादायक उतरतात. हा बदल युरोपीय वंशाच्या लोकांत फार कमी सापडतो, आशियातल्या लोकांत बराच जास्त. म्हणून तो लक्षात आला तोही आशियाई रुग्णांचा अभ्यास झाल्यावर, २०१४-१५ च्या सुमारास. आपल्याकडच्या मुलांचा अभ्यास आपल्याकडेच का व्हावा, याचं याहून सोपं उदाहरण माझ्याकडे नाही.

आता पैशाचं. एवढ्या रकमेत नवं औषध निघणार नाही, जनुक तपासायचं यंत्र येणार नाही. तसं कुणाला सांगूही नका. आम्ही पहिल्या वर्षी हीच चूक केली. एका रुग्णालयानं तपासणीचं एक उपकरण सुचवलं, आम्हीही हुरळलो. उपकरणावर संस्थेच्या नावाची पाटी लागली, हार-नारळ झाला, फोटो आले. आठ महिन्यांनी मी सहज गेलो तर उपकरण त्याच खोलीत, प्लास्टिकचं आवरणसुद्धा निघालेलं नव्हतं. चालवणारा माणूस नव्हता आणि लागणारं रसायन घ्यायला बजेट नव्हतं. चूक त्यांची जेवढी, तेवढीच आमची, कारण हे कोण चालवणार, हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता.

तेव्हापासून आमचा नियम एकच आहे. वस्तूला पैसा नाही, माणसाला पैसा. मुलांच्या कर्करोगाच्या विभागात डॉक्टर असतात, नर्स असतात, पण मुलांची नोंद ठेवणारं आणि न आलेल्या मुलाच्या घरी फोन लावणारं माणूस बहुतेक ठिकाणी नसतं. त्याला डेटा मॅनेजर म्हणा, नाहीतर साधं डेटा ऑपरेटर म्हणा. सरकारी पदांच्या यादीत ते बसत नाही, मोठ्या देणगीदाराला त्यावर पाटी लावता येत नाही. आणि सगळं संशोधन उभं राहतं ते त्याच्या नोंदींवर. १९८७ साली बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तीही गावोगाव फिरून नाव, वय, निदान लिहून घेणाऱ्या माणसांच्या जिवावर. आज छत्रपती संभाजीनगरची आणि धाराशिव-बीडची नोंदणीसुद्धा राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. म्हणजे किती मुलांना आजार होतो, हे मोजायची सोय थोडीफार झाली. मधेच सुटलेल्या मुलांचं पुढे काय झालं, हा हिशोब मात्र ज्या त्या विभागालाच ठेवावा लागतो.

एक प्रसंग सांगतो. आमच्या पैशातून एका विभागात गंगाखेडकडची एक मुलगी लागली होती, बीएस्सी झालेली. मी विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामाला खर्च झाल्याचा दाखला, आणायला गेलो तेव्हा ती टेबलाशी बसून यादीतले नंबर फिरवत होती. एका आजीनं फोन उचलला. स्पीकरवर होता म्हणून मलाही ऐकू आलं. 'ते गेल्यात कारखान्याला. पोरगं बी नेलंय संगं. गोळ्या? गोळ्या हितंच हायत की कपाटात.' त्या मुलीनं वहीत तारीख लिहिली आणि समोर 'दसऱ्यानंतर' असं लिहून खाली रेघ मारली. मग तिनं मला मागची पानं दाखवली. सुटलेल्या मुलांपैकी बरीचशी दसरा-दिवाळीच्या पुढच्या दोन महिन्यांतली होती. मुकादमाची उचल घेतलेली, ऊसतोडीच्या कोयत्याला नवरा-बायकोची जोडी हवी, पोराला ठेवायला घरी कुणी नाही. डॉक्टरांना इतकी वर्षं वाटत होतं की लोक अडाणीपणानं किंवा बाबा-बुवाच्या नादानं सोडतात. वहीनं सांगितलं की लोक उसाला जातात.

त्यावरून विभागानं एक छोटा अभ्यास आखला. रुग्णांवरचे अभ्यास तपासणाऱ्या नैतिकता समितीची परवानगी घेतली आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना निघण्याआधी बोलावून गोळ्यांचा जास्त दिवसांचा साठा, दर आठवड्याच्या मेथोट्रेक्सेट या औषधाचा वार लिहिलेलं कार्ड, आणि कारखान्याजवळच्या लॅबमध्ये रक्त तपासून रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाकायची सोय, असं करून पाहायला घेतलं. किती मुलं टिकली याचा आकडा मी इथे देणार नाही, तो जाहीर करणं त्यांचं काम आहे. पण जगातल्या कुठल्याही मोठ्या संस्थेनं हा प्रश्न विचारला नसता, आणि तो विचारायला लागलेला खर्च आपल्या गणपतीच्या वर्गणीत बसतो.

आता तुमचा हिशोब मांडतो. असं माणूस पूर्णवेळ ठेवायचं तर महिना १८ हजार धरले तरी वर्षाचे २ लाख १६ हजार होतात. तुमच्याकडे ३२ हजार कमी पडतात. अर्धवेळ ठेवलं, महिना ९ हजार, तर वर्षाला १ लाख ८ हजार, आणि ७६ हजार पुढच्या वर्षाला उरतात. मी अर्धवेळच सुचवेन. एक वर्षाचा पैसा देऊन थांबलात तर माणूस शिकतो आणि जातो, नोंदी अर्ध्या राहतात, आणि अर्धी नोंद काही कामाची नसते. किमान तीन वर्षं नेटानं करू असं मंडळाला मनापासून वाटत असेल तरच हा मार्ग धरा. नाहीतर सगळी रक्कम एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागाला 'संशोधनासाठी' असं चेकसोबतच्या पत्रात लिहून एकदाच द्या. त्यातही कमीपणा काही नाही. मुंबईच्या टाटामध्ये अशी देणगी रीतसर घेतात, आपल्याकडची बरीच पोरं शेवटी नंदिग्राम किंवा देवगिरी एक्स्प्रेसनं तिथंच पोचतात.

कुठल्या विभागाला द्यायचं हे मी इथून सांगू शकत नाही, ते बघूनच ठरतं. मी स्वतः गेलो की चार गोष्टी बघतो. मुलांच्या कर्करोगाचे वेगळे डॉक्टर आहेत का, की मोठ्यांच्याच ओपीडीत मुलंही बघतात? मागच्या वर्षी किती मुलं आली आणि त्यातली किती उपचार अर्ध्यात सोडून गेली, हे विचारल्यावर ते वही उघडतात की अंदाज सांगतात? अंदाज सांगितला तर रागावू नका, तिथेच तुमच्या माणसाची गरज आहे. पण 'आमच्याकडे कुणी सोडतच नाही' असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा. नैतिकता समिती आहे का? औषधाची चाचणी असेल तर तिची सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंद हवीच, तो क्रमांक मागा, इंटरनेटवर कुणालाही तपासता येतो. आणि संशोधनाच्या देणग्यांसाठी वेगळं खातं किंवा निदान वेगळं खातेपान आहे का? बाकी इमारत, लिफ्ट, रंगरंगोटी यावर जाऊ नका.

पैसे देताना एक पानाचं पत्र दोन्हीकडच्या सह्यांनी करा. रक्कम कोणत्या कामाला, किती हप्त्यांत, सहा महिन्यांनी काय कळवायचं, माणूस सोडून गेला तर उरलेल्या पैशाचं काय, एवढं त्यात असलं की झालं. आम्ही रक्कम तिमाहीनं देतो. आणखी एक वाक्य आम्ही मुद्दाम घालतो: निष्कर्ष काय निघावा यात संस्थेला बोलायचा अधिकार नाही. देणगीदारांना हे वाक्य आधी टोचतं. पण पैसा देणारा निष्कर्ष ठरवायला लागला की तो अभ्यास उरत नाही.

आता ज्यावर तुमच्या मंडळात भांडणं होणार आहेत ते. संशोधनाचा पैसा बँकेत पडलेला असताना गावातलंच एखादं मूल आजारी पडेल. आमच्याकडे पडलं. रात्री नऊला एक बाप कॅरीबॅगमध्ये फाइल घेऊन दारात उभा होता. इंजेक्शनांना ४० हजार लागत होते आणि माझ्या कपाटातल्या पासबुकात ९० हजार होते. त्याला मी काय सांगू, की हे पैसे वहीसाठी आहेत? मी सांगू शकलो नाही. रात्रीच सहा जणांना फोन केले, सगळ्यांनी आपापल्या खिशातून घातले, सकाळी पैसे पोचले. संशोधनाच्या खात्याला हात लावला नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही. पुढच्या सभेत आम्ही वेगळा मदत निधी काढला, त्याची पावती वेगळ्या रंगाची केली, आणि देणाऱ्यालाच विचारायला लागलो की तुमचे पैसे कशात धरू. तुम्ही हे पहिल्याच वर्षी करा. ज्यानं संशोधनासाठी दिले त्याला न विचारता ते दुसरीकडे वळवणं, कारण कितीही खरं असलं तरी, चूक आहे.

मदतीचं बरंचसं काम पैशाशिवायही होतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत, मुख्यमंत्री सहायता निधी आहे, रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबत्याला तिकिटात मोठी सवलत आहे, मुंबईत मुलांसाठी मोफत राहायच्या जागा आहेत. फॉर्म भरून देणारा एक पोरगा मंडळात तयार केलात तर तो पन्नास हजारांच्या देणगीइतका उपयोगी पडतो.

ट्रस्टबद्दल. पहिल्या वर्षी काढू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. माणसं जमवणं, घटना, नियमावली, धर्मादाय कार्यालयाच्या चकरा, दरवर्षीचं ऑडिट, पदाधिकारी बदलला की फेरफार अहवाल. यात उत्साह संपतो. दोन वर्षं काम टिकलं, तर काढा. काढाल तेव्हा घटनेच्या उद्देशांत 'बालकर्करोगावरील संशोधनास अर्थसाहाय्य करणे' हे वाक्य स्पष्ट लिहून घ्या. आमच्या घटनेत नुसतं 'आरोग्यविषयक उपक्रम' होतं, त्यापायी आम्हाला पुढे दुरुस्ती करत बसावं लागलं. ८०जीची, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी, नोंदणी हातात आल्याशिवाय पावतीवर तो आकडा छापू नका. ती आल्यावरही दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत नाही आणि नव्या करप्रणालीत तर मुळातच नाही, हे देणाऱ्याला आधी सांगा. तुमच्या ट्रस्टनं दुसऱ्या ट्रस्टला देणगी दिली की करासाठी त्यातले ८५ टक्केच खर्च धरतात, तेव्हा सीए आधी गाठा. तुमचा मामेभाऊ अमेरिकेतून पाठवायचं म्हणतोय. त्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर स्वतःच्या कमाईतली त्याची देणगी परदेशी धरत नाहीत. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर एफसीआरएशिवाय, म्हणजे परदेशी देणगी घ्यायच्या केंद्राच्या परवानगीशिवाय, एक डॉलरही घेऊ नका.

सगळ्यात जास्त मला खटकलं ते तुम्ही जाता जाता लिहिलंत: पैसे एका मित्राच्या बचत खात्यात आहेत, क्यूआर कोडही त्याचाच होता. मित्र सोन्यासारखा असेल. तरी आज उद्यात ते मंडळाच्या खात्यात घाला, दोन सह्यांचं करा, आणि कुणाकडून किती आले याची यादी गणपतीच्या जागेवर चिकटवा. वर्गणी गोळा करताना मंडळानं धर्मादाय कार्यालयाची कलम ४१-क ची परवानगी घेतली होती ना, तिचा हिशोबही द्यायचा असतो. त्यात ही रक्कम वेगळी दाखवा.

बॅनरवर पुतण्याचा केस गेलेला, मास्क लावलेला फोटो लावला होता, पुढच्या वर्षीही लावणार आहात. माझी हात जोडून विनंती आहे, तो काढा. त्याच्या आईला रोज त्या चौकातून जावं लागतं. जिमीचं खरं नाव ५० वर्षं कुणाला कळलं नव्हतं, तरी पैसे जमले. त्याच्या नावानं निधी काढायचा असेल तर आधी भाऊ-वहिनींना विचारा, आणि त्यांनी गप्प राहून मान हलवली तर ती परवानगी समजू नका. थांबा.

भावाकडे त्याची फाइल अजून आहे असं तुम्ही लिहिलंय. ती रद्दीत जाऊ देऊ नका. पहिला ताप कधी आला, पहिला डॉक्टर कधी, पाय दुखतात असं तो कधीपासून म्हणत होता, पहिली रक्ततपासणी कोणत्या तारखेची आणि स्मिअर कोणत्या तारखेचा, हे सगळं तिच्यात आहे. निदानाला उशीर का होतो यावर आपल्या भागात कुणी काम करायला घेईल तेव्हा त्यांना नेमक्या याच तारखा लागतील. भाऊ-वहिनी तयार झाले, आणि झाले तरच, ती फाइल घेऊन या. दिवाळीनंतर, सोयाबीनची गडबड उरकली की या. मी परभणीतच असतो, आपण दोघं मिळून एखाद्या विभागात जाऊ.